चार दरवाजे, चारही डावे

आमच्या घरात मला कोणी काम सांगत नाही. ही तक्रार नव्हे, सोय आहे. बल्ब बदलायचा असला की बायको स्वतः खुर्चीवर चढते आणि मी खुर्ची धरतो. गेली अठ्ठावीस वर्षं मी खुर्ची धरतोय, आणि एकदाही ती हललेली नाही, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. अशा माणसाने एका जुन्या मोटारीच्या चारही दरवाजांची आतली पॅडं स्वतःच्या हाताने बनवायची ठरवली. त्याची ही हकीकत, आणि ती मीच सांगितलेली बरी. बायको सांगते तेव्हा लोक फार हसतात.

सुरुवात सासऱ्यांपासून होते. ते दुधनीला एकटे राहायचे. वय ब्याऐंशी. जन्मभर तुरीची आडत केली, सासूबाई गेल्यावर आडत बंद केली, आणि उरलेला वेळ ओट्यावर बसून गावाच्या चुका काढण्यात घालवू लागले. पावसाळ्यात एकदा ते न्हाणीघरात घसरले. दूधवाल्याने कडी वाजवून वाजवून शेजाऱ्यांना बोलावलं तेव्हा कळलं की ते तासभर तिथेच पडून आहेत. हाड शाबूत राहिलं, पण बायकोची झोप त्या दिवशी जी मोडली ती मोडलीच. तिचं एकच सुरू झालं: अप्पांना आता जुळे सोलापूरला, आपल्याकडे आणायचं.

अप्पा म्हणजे डोंगर. ‘लेकीच्या घरी ऱ्हायचं?’ त्यांच्या वडिलांनी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं. दोन महिने बापलेकीचं फोनवर कन्नडमध्ये भांडण चाललं. माझं कन्नड जेवणापुरतं आहे. ‘साकु’ म्हणजे पुरे आणि ‘इन्ना स्वल्प’ म्हणजे अजून थोडं, त्यातला पहिला शब्द वापरायची वेळ अजून आलेली नाही. त्यामुळे भांडणातलं मला इतकंच कळायचं की आज बायको हरली. मग एका संध्याकाळी तिने फोन स्पीकरवर टाकला आणि मला खुणेने बोलावलं. सासरे खास माझ्यासाठी मराठीत बोलत होते.

‘येतो. पन माझ्या गाडीतनं येनार. पोतं उचलल्यागत मला कुनी आनायचं न्हाय. माझी गाडी माझ्या दारात उभी करा, मी बसतो. पुढल्या महिन्याचा पयला रविवार, सकाळी धा. धाला गाडी दिसली तर व्हय. न्हाय दिसली तर पुन्ना हा विषय काढायचा न्हाय. कबूल?’

‘कबूल,’ बायको म्हणाली. मीही म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

ती गाडी आमच्याच इमारतीखाली उभी होती. चार वर्षांपूर्वी नजर अधू झाल्यावर सासऱ्यांनी ती लेकीकडे पाठवून दिली होती. लेक तिच्यावरच गाडी शिकलेली. मी स्कूटरवाला. गाडीची उजवी बाजू भिंतीला लागून, वर चार वर्षं न काढलेलं आच्छादन, त्यामुळे आत काय चाललंय याचा पत्ता लागला नाही. आत उंदीर चालले होते. वर्षानुवर्षं तुरीचे नमुने वाहिलेली गाडी, तिच्या फटीफटीत डाळ. उंदरांनी आधी डाळ खाल्ली, मग सवयीने दरवाजे खायला घेतले. उजवीकडची दोन्ही पॅडं संपवली. डावीकडची दोन कुरतडून, भिजून, फुगून, जुन्या पापडासारखी लोंबत होती.

पॅड म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. मोटारीचा दरवाजा आतून नुसता पत्रा असतो, काच वर-खाली करणारी दातेरी यंत्रणा आणि तिचं काळं ग्रीस. ते झाकायला हार्डबोर्डचा एक तुकडा, त्यावर फोम, त्यावर कापड, एवढंच पॅड. ते नसेल तर कोपर कापतं आणि कपडे काळे होतात. आणि आमचे सासरे आयुष्यात पांढऱ्या धोतराशिवाय घराबाहेर पडलेले नाहीत.

मेकॅनिकने इंजिन, ब्रेक, टायर सगळं बारा दिवसांत ठीक केलं. ‘पॅड मात्र कुठं मिळणार नाहीत सर. बनवून घ्या. भवानी पेठेत सीटकामवाले एक चाचा आहेत, त्यांचा हात धरणारा कोणी नाही.’

गेलो. चाचा दुकानाच्या पायरीवर बसून रिक्षाची सीट शिवत होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

‘हफ्ता लगेगा साब. गाडी छोड के जाव.’

इथे निघायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला मध्यंतर माहीत नाही.

‘म्हणजे नुसतं हार्डबोर्ड कापून कापड लावायचं ना?’

चाचांनी दात लावून दोरा तोडला. ‘हौ. नुसताच है.’

‘मग मीच करतो की!’

माझ्या या आत्मविश्वासाला आधार होता. पोटासाठी मी कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करतो, पण वीस वर्षं हौशी नाटकांत काढली आहेत. माझा अभिनय पाहून मला नेपथ्याकडे वळवण्यात आलं. हार्डबोर्डचे किती दरवाजे केले असतील! ते सगळे पहिल्या रांगेतून बघण्यासाठी होते, उघडण्यासाठी नव्हते, हा तपशील वेगळा. एकदा तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टरने ढकलायचा दरवाजा ओढला, तर दरवाजा, चौकट आणि अर्धी भिंत त्याच्याबरोबर रंगमंचाच्या मध्यावर आली. भला माणूस. भिंत तशीच हातात धरून म्हणाला, ‘हे घर मी जप्त करतो आहे.’ टाळ्या पडल्या. मी अजूनही त्या टाळ्यांतला माझा वाटा धरून असतो.

चाचांनी निघताना फुकट एक सल्ला दिला. ‘कपडे के पेट को सोल्युशन नक्को लगाव साब. किनारे कूच लगाव, पीछे से मोड के. कल को निकालना पडा तो?’

काढायला कशाला लागेल, असं मनात म्हणत मी घरी आलो आणि बायकोला बातमी दिली.

‘तुम्ही?’ ती म्हणाली.

या एका शब्दात तिने संशय, दया, भीती आणि आमच्या संसाराचा संक्षिप्त इतिहास बसवला. वीस वर्षांत आमच्या एकाही नटाला जे जमलं नाही, ते ती स्वयंपाकघरात उभ्याने करते.

‘अहो, अप्पांच्या येण्याचा प्रश्न आहे. चाचांना द्या ना.’

‘तुझ्या वडिलांना जावयाच्या हातचं काहीतरी मिळू दे की!’

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्यांदा, जरा वळून, खिडकीकडे बघत म्हटलं. तिने कुकर लावला.

सामान आणलं. कापडाचा प्रश्न मात्र अडला. गाडीच्या मूळ रंगाचं रेक्झिन मिळेना. तेव्हा मला माळ्यावरच्या चादरी आठवल्या. सोलापूरच्या घरात माळ्यावर काय असतं हे सोलापूरकराला सांगायला नको. लग्नं, वास्तुशांती, निवृत्ती, प्रत्येक वेळी कोणीतरी चादर देतं. तुम्हीही देता, आणि कधीतरी आपणच दिलेली चादर फिरून परत येते. आमच्या माळ्यावर अशा घडी न मोडलेल्या अकरा निघाल्या. मी त्यातली लालभडक निवडली. तिच्यावर पांढरे मोर होते.

‘माझ्या माहेरच्या गाडीला चादर पांघरताय?’

‘जाडजूड आहे, मळखाऊ आहे, धुता येते. आणि गाडी सोलापूरची आहे हे लांबून कळेल.’

‘गाडी दुधनीची आहे,’ ती म्हणाली. पण सुरी तिनेच धार लावून दिली.

आठ दिवस मी गॅलरीत राबलो. डावीकडची जुनी पॅडं हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलीने गिरवली. बारीक पात्याच्या करवतीने कापली. हँडलची भोकं पाडली, क्लिपांची पाडली. प्रत्येक पॅडाच्या गुळगुळीत बाजूवर फोम चिकटवला, वरून चादर ताणली, काठ मागे दुमडून चिकटवले. चाचांचा सल्ला पाळला, कारण मध्ये सोडून नुसत्या काठालाच सोल्युशन लावायचं म्हणजे काम कमी. पुढची दोन, मागची दोन. शेवटचं पॅड भिंतीला टेकवून मी चार पावलं मागे गेलो आणि डोळे बारीक केले. चारही हुबेहूब. पुढची दोन तर एकावर एक ठेवली तर केसाचा फरक नाही! हे मी बायकोला अभिमानाने दाखवलंही.

हुबेहूब होती, तिथेच घात झाला होता. पण ते मला कसं कळावं? जन्मल्यापासून मी चादरीत झोपलेला माणूस. पहाटे गार वाटलं की हात लांब करायचा आणि जी बाजू येईल ती ओढायची. आमच्या चादरीला उलट-सुलट नसते. इकडे लालावर पांढरे मोर तर तिकडे पांढऱ्यावर लाल मोर, दोन्ही बाजू सारख्याच मिरवायच्या. वस्तूला एक बाजू सुलटी आणि एक उलटी असते, आणि डाव्या दरवाजाचं पॅड उजवीकडे नेताना कधीतरी पालथं करावं लागतं, हा विचार ज्या डोक्यात यायचा ते डोकं दुसऱ्या गावात जन्माला यावं लागतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी दहाला दुधनी. मेकॅनिकने गाडी भिंतीपासून लांब काढून ठेवली होती. मी डावीकडचं पुढचं पॅड लावलं. टक्, टक्, टक्, क्लिपा बसल्या. हँडल भोकातून बरोबर बाहेर आलं. मागचंही बसलं.

‘बरं दिसतंय की!’ बायको म्हणाली. तिच्याकडून हे म्हणजे पुरस्कारच. मी पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटरींना कमरेत वाकून नमस्कार केला.

मग उजवीकडे गेलो. पॅड दरवाजाला लावलं. हँडलचा दांडा यायचा तिथे मोर, आणि भोक गेलं बिजागरीकडे. वरची तिरकी कड खाली उतरायच्या जागी वर चढत होती. मी पॅड उलटं धरलं, आडवं धरलं, दरवाजा बंद करून धरलं, आणि एकदा डोळे मिटूनही धरलं. मग मागच्या दरवाजाकडे गेलो, तिथे वेगळं काही घडेल या आशेने.

‘काय झालं?’

‘काही नाही. जरा…’

‘अहो, हे डावीकडचंच आहे.’

‘हो.’

‘आणि ते?’

‘तेही.’

‘पालथं करून लावा मग.’

पालथं केलं. भोकं तंतोतंत जुळली. पण आता फोम आणि मोर पत्र्याकडे, आणि आपल्याकडे हार्डबोर्डची खरखरीत तपकिरी पाठ. त्या पाठीवर मीच पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘उत्तम’.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी काहीतरी संवाद टाकला असता. ती गाडीच्या उघड्या दारात, सीटच्या कडेवर बसली. ‘उद्या अप्पा घड्याळ घेऊन ओट्यावर बसतील. दोन दारांचा पत्रा असा उघडा दिसला तर ही माझी गाडीच नव्हे म्हणतील,’ ती सावकाश म्हणाली. ‘दहा वाजून एक मिनिटाने आत जातील आणि कडी लावतील. मग पुढच्या वेळी पडले की कोण कडी वाजवेल, ते बघायचं.’

 

दोन्ही पॅडं स्कूटरच्या मागे आडवी बांधून मी भवानी पेठेकडे निघालो. दोन्ही बाजूंना लाल पंख, त्यावर मोर. सिग्नलला एक रिक्षावाला वाकून म्हणाला, ‘काका, उडू नका.’

चाचांनी पॅडं पायरीवर शेजारी शेजारी ठेवली आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसं बघितलं.

‘ये डावा. ये बी डावा. साब, गाडी को डावे दरवाजे कितने?’

‘दोन.’

‘तुम बनाये कितने?’

‘चार.’

चाचा हसले नाहीत. ‘अब्बी हंसने का टाइम नै. शाम को हंसेंगे. कब होना?’

‘उद्या सकाळी साडेसातला निघायचंय.’ आणि का निघायचंय तेही मी सांगितलं, न्हाणीघरापासून कडीपर्यंत. चाचांनी रिक्षाची सीट बाजूला ठेवली. पॅड पालथं केलं, दुमडलेल्या काठाखाली नख घातलं आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

‘किनारे कूच लगाये? मेरी बात सुने?’

‘ऐकली.’ आळसाने, हे सांगायची गरज नव्हती.

‘फिर कायकू रोते?’

त्यांनी काठ सोडवले आणि चादर अलगद उचलली. मध्ये कुठेच सोल्युशन नव्हतं, त्यामुळे ती कोरी निघाली. फोम खरवडून टाकला, खरखरीत बाजूला घासलं, तिथे नवा फोम बसवला. मग चादर उलटी करून वर टाकली. चादर उलटली तशी तिच्यातली भोकंही उलटली आणि बरोबर हँडलच्या जागी येऊन बसली. पांढऱ्यावर लाल मोर.

‘चादर को उल्टी-सुल्टी किधर रहती साब?’ चाचा म्हणाले. याच तत्त्वज्ञानाने माझा घात केला होता. त्यांच्या तोंडून ते फार शहाणपणाचं वाटलं.

दुपारभर त्यांनी काम केलं आणि मी कोपरे धरले. दिवेलागणीला दुसरं पॅड माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, ‘साब, ऑफिस में क्या काम करते तुम?’

‘फायली लावतो.’

‘डाव्या की उजव्या?’ आणि मग ते हसले, ठरल्याप्रमाणे.

रविवारी बायको गाडी चालवत होती आणि मी मागे. डाव्या हाताला लालावर पांढरे मोर, उजव्या हाताला पांढऱ्यावर लाल. मी वाटभर एक निवेदन तयार करत होतो: द्वैत, अद्वैत, शिव आणि शक्ती. दहाला दहा कमी असताना गाडी दारात उभी राहिली. सासरे ओट्यावर होते. धुवट धोतर, टोपी, हातात घड्याळ. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग काठी टेकत गाडीभोवती एक चक्कर मारली. चारही दरवाजे उघडले आणि बंद केले.

‘हिकडं मोर पांढरे. तिकडं लाल. का?’

‘मामा, यामागची संकल्पना अशी, की…’

‘अहो,’ बायको म्हणाली.

मी खरं सांगितलं. चार डावे, चाचा, सगळं. सासऱ्यांनी बाजारात माल बघताना बघत असतील तशा चेहऱ्याने ऐकून घेतलं.

‘अप्पा, बॅग कुठे आहे?’ बायकोने विचारलं.

ते पुन्हा घड्याळ बघू लागले. ती आत जाऊन आली. ‘अप्पा, काहीच भरलेलं नाही! देवघरात समई तेवतेय, डाळ भिजत घातलीये. तुम्ही आज डाळ भिजत घातली?’

सासरे ओट्यावर बसले. ‘तू फोनवर म्हनलीस, पॅडं जावईबापू करत्यात. म्हनलं, मग झालं. गाडी काय येत न्हाय.’

मला टाळ्यांची सवय आहे, हुर्योचीही आहे. पण इतका निखळ विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. ब्याऐंशी वर्षांचा आडत्या, माणूस पारखण्यात आयुष्य गेलेलं, आणि त्याने आपलं राहतं घर माझ्या नालायकीच्या भरवशावर सुरक्षित ठेवलं होतं. मी नेमका त्याच वेळी दगा दिला.

‘म्हणजे यायचंच नव्हतं तुम्हाला,’ बायको म्हणाली. ती त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली.

‘न्हवतं.’ त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. ‘आमी आडतीत एकदा भाव बोललो की फिरवत न्हाय, बाळ. धा वाजायच्या आत गाडी आलीया.’ मग काठी टेकून उठले. ‘डाळ शेजारी देऊन ये.’

बॅग भरायला अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं ते आत एकटेच होते, आणि बायकोने मला आत जाऊ दिलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली कनवटीला लावली. पुढच्या डाव्या सीटवर बसले. धोतराचा सोगा सावरला, दार ओढून घेतलं, मोरावर तळवा फिरवला.

‘छलो अद,’ ते लेकीला म्हणाले. चांगलं आहे. हे एवढं कन्नड मला आता येतं.

अक्कलकोट मागे पडल्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि त्यांच्या दारातून टक् असा आवाज आला. क्लिप सुटली होती. पॅडाचा वरचा कोपरा पत्र्यापासून सुटून फडफडायला लागला. सासऱ्यांनी त्यावर तळवा दाबून ठेवला.

‘मामा, मागून मी धरतो की.’

‘तुमी नुसतं बसा.’

सोलापूरपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही. इमारतीखाली गाडी थांबली तेव्हाही ते लगेच उतरले नाहीत. सुटलेली क्लिप बोटांनी चाचपून बघितली, भोकात बसते का ते बघितलं, मग मान हलवली. बायकोने बाहेरून दार उघडून हात पुढे केला.

‘त्या चाचाकडं मला घिऊन चल,’ ते उतरता उतरता तिला म्हणाले. ‘समोर उभा ऱ्हाऊन चारी दारांच्या क्लिपा बसवून घेतो. जावईबापूंनी हात लावायचा न्हाय.’

‘आज रविवार आहे अप्पा. दुकान बंद असेल.’

‘मग उद्या. न्हाय तर परवा,’ सासरे जिन्याकडे वळले. ‘घाई न्हाय. मी हाय की हितंच.’